दस्तऐवज अभियांत्रिकी प्रकल्पाची व्याप्ती व गरजनिश्चिती : सातबारा उताऱ्याच्या संदर्भात

प्रस्तावना

एखाद्या कार्यालयातील कागदपत्रांचे संगणकीकरण करावयाचे ठरले म्हणजे कामाचा आरंभ बहुधा एकाच पद्धतीने होतो. प्रचलित नमुन्याची कोरी प्रत समोर ठेवली जाते, तिच्यातील रकाने मोजले जातात, आणि तेवढे रकाने संगणकाच्या पडद्यावर दिसू लागले की काम पूर्ण झाले असे समजले जाते. या पद्धतीत एक गृहीतक दडलेले असते. कागदाची जी कडा तीच प्रकल्पाची सीमा, हे ते गृहीतक होय. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी केली असून दस्तऐवज अभियांत्रिकी प्रकल्पाची व्याप्ती कशी ठरवावी व गरजा कशा नोंदवाव्यात याचे विवेचन एका परिचित दस्तऐवजाच्या आधारे केले आहे. तो दस्तऐवज म्हणजे महाराष्ट्रातील शेतजमिनीचा सातबारा उतारा.

'दस्तऐवज अभियांत्रिकी' ही संज्ञा रूढ होण्यास रॉबर्ट ग्लुश्को व टिम मॅकग्रा यांचा २००५ साली एमआयटी प्रेसने प्रसिद्ध केलेला याच नावाचा ग्रंथ मोठ्या प्रमाणावर कारणीभूत झाला. निबंध, अहवाल, नियमपुस्तिका यांसारखे कथनप्रधान दस्तऐवज एका टोकाला आणि पावती, मागणीपत्र, बीजक यांसारखे व्यवहारप्रधान दस्तऐवज दुसऱ्या टोकाला, अशा एका सलग पट्ट्यावर सर्व दस्तऐवज मांडता येतात, ही त्यांची मूळ भूमिका आहे. दस्तऐवज ही केवळ मजकुराची मांडणी नसून दोन पक्षांमधील देवाणघेवाणीचा तो एक घटक असतो. म्हणून त्याची रचना करण्यापूर्वी तो कोणत्या संदर्भात वापरला जातो याचा अभ्यास आवश्यक ठरतो. प्रकल्पाची व्याप्ती आणि गरजा या संदर्भाच्या अभ्यासातून निघतात. कोऱ्या नमुन्यातून त्या निघत नाहीत.

सातबाऱ्याची निवड सहेतुक आहे. हा दस्तऐवज ग्रामीण महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे, त्याच्या एका ओळीवर कुटुंबाची उपजीविका अवलंबून असते, आणि त्याचे संगणकीकरण अनेक टप्प्यांनी प्रदीर्घ काळ चालत आले आहे. व्याप्ती ठरविण्यातील प्रत्येक प्रश्न त्यात कोठे ना कोठे भेटतो.

दस्तऐवजाची सीमा कोठे असते?

सातबारा हा वस्तुतः स्वतंत्र दस्तऐवज नव्हे. गाव नमुना सात, म्हणजे अधिकार अभिलेख पत्रक, आणि गाव नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंदवही, या दोन नोंदवह्यांतील एकाच भूमापन क्रमांकासंबंधीच्या नोंदी एकत्र करून दिलेला तो उतारा आहे. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने अधिकार अभिलेखाची पद्धत सुरू झाली. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ आणि त्याखालील १९७१ चे नियम यांनी तिला आजचा कायदेशीर आधार दिला. गावपातळीवरील नमुन्यांची एक ते एकवीस अशी मालिका असून एफ. जी. एच. अँडरसन यांच्या नियमपुस्तिकेचे नाव महसूल खात्यात अद्याप आदराने घेतले जाते. संगणकाचा विचारही नसताना एका नमुन्यातील नोंद दुसऱ्या नमुन्यातील नोंदीशी जुळलीच पाहिजे, असे बंधन या मालिकेत घातलेले होते. आजच्या परिभाषेत त्याला माहितीची एकात्मता म्हणतात.

या मालिकेत सातबाऱ्याचे शेजारी कोण, हे पाहिले की प्रकल्पाच्या व्याप्तीचा प्रश्न स्पष्ट होतो. नमुना सातवरील प्रत्येक नावाच्या मागे एक फेरफार क्रमांक असतो. तो नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, यातून येतो. वाद उपस्थित झाल्यास प्रकरण सहा-अ मध्ये जाते, वारसांची माहिती सहा-क मध्ये राहते. एका खातेदाराची गावातील सर्व जमीन आठ-अ मध्ये एकत्र दिसते. क्षेत्र आणि आकारणी यांचा ताळा भूमी अभिलेख खात्याच्या आकारबंदाशी जुळावा लागतो. खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदविले जाते, आणि कर्जाचा बोजा बँक किंवा विकास सोसायटी कळविते.

अशा स्थितीत 'सातबारा संगणकावर आणावा' या वाक्याचे निदान तीन अर्थ होतात. पहिला अर्थ असा की, वहीतील आजची नोंद टंकित करावी आणि मागेल त्याला छापील प्रत द्यावी. याने हस्ताक्षर न लागण्याची अडचण संपते व प्रत लवकर मिळते; परंतु नोंद बदलण्याची प्रक्रिया वहीतच राहिल्यामुळे वही व संगणक असे दोन स्रोत निर्माण होतात आणि त्यांत तफावत पडू लागते. दुसरा अर्थ असा की, फेरफाराची संपूर्ण प्रक्रिया संगणकावर आणावी आणि सातबारा हा तिचा परिणाम म्हणून आपोआप निर्माण व्हावा. तिसऱ्या अर्थात दस्त नोंदणी, मोजणी नकाशे व बँका यांनाही या साखळीत जोडून घ्यावयाचे असते. महाराष्ट्रातील कामाचा प्रवास स्थूलमानाने याच क्रमाने झाला. सुरुवातीला नोंदींचे टंकन, पुढे राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमाच्या काळात ई-फेरफार प्रणाली, १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा, असे हे टप्पे आहेत. केंद्राचा उपरोक्त कार्यक्रम २००८ साली सुरू झाला होता. डिजिटल स्वाक्षरीच्या उताऱ्याला आधार आहे तो माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चा.

तीनपैकी कोणताही अर्थ स्वीकारणे चुकीचे नाही. निधी, मनुष्यबळ आणि वेळ पाहून पहिला अर्थही शहाणपणाचा ठरू शकतो. चूक होते ती कोणता अर्थ स्वीकारला हे लिहून न ठेवण्यात. पहिल्या अर्थाचे काम आणि तिसऱ्या अर्थाच्या घोषणा असे मिश्रण झाले की संगणक चालक, तलाठी (२०२४ पासूनचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) आणि शेतकरी हे तिघेही एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात.

उपयोगावरून व्याप्ती

व्याप्ती निश्चित करण्याचा अधिक भरवशाचा मार्ग म्हणजे दस्तऐवज कोण, कधी आणि कशासाठी मागतो याची यादी करणे. पीककर्ज मागणारा शेतकरी, तारण तपासणारी बँक, जमीन विकत घेणारा, वारस, दिवाणी न्यायालय, भूसंपादन अधिकारी, पीकविमा किंवा नुकसानभरपाई देणारी यंत्रणा, हे सर्व एकच कागद हाती घेतात; मात्र प्रत्येकाची नजर वेगळ्या रकान्यावर असते. बँकेला बोजा पाहावयाचा असतो. खरेदीदाराला भूधारणा पद्धती पाहणे अगत्याचे असते, कारण जमीन भोगवटादार वर्ग दोनची असेल तर तिच्या हस्तांतरणावर निर्बंध असतात. नुकसानभरपाईसाठी नमुना बारामधील पीक महत्त्वाचे, तर वारसाला नावांचा रकाना.

या यादीतून एक गोष्ट चटकन लक्षात येते. नमुना सात आणि नमुना बारा एका कागदावर छापले जात असले तरी त्यांचा स्वभाव भिन्न आहे. पहिल्यातील नोंद कायदेशीर प्रक्रियेने बदलते आणि कित्येकदा वर्षानुवर्षे बदलत नाही. दुसऱ्यातील नोंद दर हंगामाला शेतावर जाऊन करावयाची असते. पहिली नोटीस व प्रमाणन यांतून जाते, दुसरी प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेली असते. म्हणजे लेखक वेगळा, आवर्तन वेगळे, पुराव्याचे स्वरूप वेगळे. हे वेगळेपण मान्य केल्यामुळेच १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत पिकाची नोंद मोबाइलवरून स्वतः शेतकऱ्याने करण्याची व्यवस्था शक्य झाली. मालकी हक्काच्या नोंदीबाबत तशी व्यवस्था कोणी सुचविणार नाही. एका कागदावर असणे आणि एक दस्तऐवज असणे यांत फरक आहे.

मागणाऱ्यांच्या यादीत जे येत नाहीत त्यांचाही विचार व्याप्ती ठरविताना करावा लागतो. सातबारा मागण्यासाठी कचेरीत कोण जातो? बहुधा घरातील कर्ता पुरुष. ज्या बहिणीचा हक्क त्याच कागदावर कोठेतरी नोंदला आहे किंवा नोंदायचा राहिला आहे, ती क्वचितच जाते. मुलाखती फक्त खिडकीवर येणाऱ्यांच्या घेतल्या तर गरजांची यादी लांबलचक होईल आणि तरी अपुरी राहील.

भरलेला नमुना आणि कोरा नमुना

गरजांचे मूळ तीन ठिकाणी शोधावे लागते : कायदा व नियम, काम करणाऱ्यांची वहिवाट, आणि प्रत्यक्ष भरलेले नमुने. यांपैकी तिसऱ्या स्रोताकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. कोरा नमुना रकान्याचे शीर्षक सांगतो. त्या रकान्यात लोकांनी काय काय लिहिले आहे हे भरलेलाच नमुना सांगतो. म्हणून निरनिराळ्या तालुक्यांतील, निरनिराळ्या काळांतील आणि मुद्दाम किचकट अशा नोंदींचा संग्रह करणे ही गरजनिश्चितीची पहिली पायरी मानली पाहिजे. दहा सरळ उताऱ्यांपेक्षा एक गुंतागुंतीचा उतारा अधिक शिकवितो.

क्षेत्राचेच उदाहरण घ्यावे. जुन्या नोंदी एकर-गुंठ्यांत आहेत. तेथे १.२० असे लिहिलेले असते तेव्हा त्याचा अर्थ एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. मधले टिंब हे दशांशचिन्ह नव्हे. १.२० आणि १.३० यांची बेरीज ३.१० होते, कारण चाळीस गुंठ्यांचा एकर. संगणकाला मात्र ते २.५० वाटते. दशमान पद्धतीतील हेक्टर-आर मध्ये शंभर आरचा हेक्टर असल्याने ही अडचण येत नाही, पण तेथे दुसरी येते. एक हेक्टर पाच आर हे क्षेत्र घाईत १.५ असे लिहिले गेले तर त्याचा एक हेक्टर पन्नास आर होतो. आणखी एक समजूत सर्रास आढळते, ती म्हणजे गुंठा आणि आर एकच. गुंठा सुमारे १०१.१७ चौरस मीटर, आर १०० चौरस मीटर. फरक किरकोळ वाटतो. दहा एकरांचे, म्हणजे चारशे गुंठ्यांचे, क्षेत्र या समजुतीने चार हेक्टर लिहिले तर सुमारे पावणेपाच आर जमीन कागदावरून नाहीशी होते. तात्पर्य, 'क्षेत्र : संख्या' एवढीच गरज नोंदविणे म्हणजे काहीच न नोंदविणे. एकक कोणते, टिंबाचा अर्थ काय, रूपांतर कोणत्या गुणकाने व किती दशांश स्थळांपर्यंत, आणि मूळ आकडा जतन करावयाचा की नाही, हे सर्व त्या एका शब्दाच्या पोटात आहे.

हिस्स्यांचेही असेच आहे. जुन्या सामाईक खात्यांत हिस्सा आणे-पै मध्ये लिहिलेला आढळतो. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा, म्हणजे एकूण १९२ पै. तीन भावांचा समान हिस्सा प्रत्येकी पाच आणे चार पै असा नेमका बसतो. तोच हिस्सा ०.३३ असा दशांशात साठविला की तिघांची बेरीज ०.९९ होते आणि दोन हेक्टरांच्या गटात दोन आर कोणाच्याच नावावर राहत नाहीत. (सात वारस असल्यास आणे-पैही हात टेकतात, हे खरे.) येथे गरज अशी लिहावी लागते की हिस्सा अपूर्णांकाच्या स्वरूपात साठविला जावा आणि एका गटातील सर्व हिश्श्यांची बेरीज एक असावी. शिवाय या हिश्श्याला लोक 'आणेवारी' म्हणतात, आणि दुष्काळाच्या संदर्भात पीक परिस्थितीच्या अंदाजालाही 'आणेवारी'च म्हणतात. एक शब्द, दोन अर्थ. शब्दकोश तयार केल्याशिवाय गरजपत्रक लिहू नये असे जे सांगितले जाते ते याचसाठी.

नावांच्या रकान्यात तर अक्षर न् अक्षर मोलाचे असते. नावापुढे 'ए.कु.मॅ.' असे लिहिलेले असल्यास ती व्यक्ती एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून नोंदलेली असते. जमीन तिच्या एकटीची नसते. 'अ.पा.क.' ही अज्ञान पालनकर्त्याची खूण आहे, म्हणजे मालक अल्पवयीन असून नाव पालकासह लागले आहे. या चार-पाच अक्षरांना कोऱ्या नमुन्यात स्वतंत्र जागा नाही. नावासाठी संगणकात आडनाव, स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव असे तीनच कप्पे केले, तर टंकन करणारा कर्मचारी ती अक्षरे कोठे लिहील? बहुधा कोठेही नाही. त्या क्षणी कुटुंबाच्या वतीने नाव लागलेला थोरला भाऊ कागदोपत्री एकटा मालक होतो, आणि धाकट्या भावंडांना आपला हक्क सिद्ध करण्यासाठी जुनी हस्तलिखिते शोधत फिरावे लागते. हा टंकनाचा दोष म्हणून दाखविला जाईल. वस्तुतः तो गरजनिश्चितीचा दोष आहे.

कंसाचीही हीच कथा. वहीत एखादे नाव कंसात घातले म्हणजे त्या व्यक्तीचा हक्क संपुष्टात आला. 'नावाला कंस करणे' हा महसुली बोलीतील रूढ प्रयोग आहे. सर्वसाधारण लेखनात कंस पूरक माहिती देतो, येथे तो नोंद रद्द करतो. चिन्हाच्या अर्थाची नोंद गरजपत्रकात नसेल तर कंस हे सजावट समजून गाळले जातील आणि मयत किंवा जमीन विकून गेलेला मनुष्य पुन्हा भोगवटादार होईल. रिकाम्या रकान्याचाही विचार असाच करावा लागतो. माहिती नाही, लागू नाही, आणि भरावयाची राहिली, या तीन वेगळ्या स्थिती आहेत. कागदावर तिन्ही सारख्याच कोऱ्या दिसतात.

'इतर अधिकार' : एक सर्वसमावेशक रकाना

सातबाऱ्यातील 'इतर अधिकार' हा रकाना दस्तऐवज अभियांत्रिकीच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक आहे. ज्या गोष्टींना नमुन्यात अन्यत्र जागा नाही त्या सर्व येथे येऊन पडतात. बँकेचा बोजा, विहिरीतील पाण्याचा हिस्सा, वहिवाटीचा रस्ता, भूसंपादनाचा शेरा, न्यायालयाचा मनाई हुकूम, तुकडेबंदीचा 'तुकडा' हा शेरा, १९४८ च्या कुळवहिवाट अधिनियमाच्या कलम ४३ चे बंधन, आणि यांच्याच शेजारी, वारसा हक्काने आलेल्या बहिणींची नावे.

बहिणींची नावे भोगवटादाराच्या रकान्यात न घेता इतर अधिकारात घालण्याची वहिवाट अनेक गावांत होती. हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने मुलीला सहदायादाचा दर्जा मिळाला. परंतु कागदावर पूर्वी जेथे नाव लिहिले गेले तेथून ते आपोआप हलत नाही. आता संगणकीय आराखडा करणाऱ्यापुढे प्रश्न असा की हा रकाना मुक्त मजकुराचा ठेवावा की त्यातील नोंदींचे प्रकार पाडावेत.

मुक्त मजकूर ठेवला तर टंकन सोपे, वेळ कमी आणि कोणाची तक्रार नाही. पण मग 'या तालुक्यात किती जमिनींवर बोजा आहे', 'कलम ४३ च्या बंधनाची जमीन कोणती', 'किती स्त्रियांचे हक्क केवळ शेऱ्याच्या रूपात नोंदले आहेत' या प्रश्नांना ती प्रणाली कधीच उत्तर देऊ शकत नाही. कर्ज फिटल्यावर बोजा उतरविण्याची नोंद मूळ बोजाशी जोडता येत नाही, आणि जुना बोजा वर्षानुवर्षे उताऱ्यावर दिसत राहतो. प्रकार पाडले तर प्रत्येक जुना शेरा वाचून त्याचा अर्थ लावावा लागतो, आणि अर्थ लावणे हे टंकनिकेचे काम नाही; ते महसूल अधिकाऱ्याचे काम आहे. म्हणजे तांत्रिक वाटणाऱ्या या निर्णयाची किंमत मनुष्यबळात मोजावी लागते. मध्यम मार्ग असा की, मूळ शेरा जसाच्या तसा जतन करावा, त्याच्यासोबत प्रकाराचे एक स्वतंत्र चिन्ह ठेवावे, आणि अर्थ निश्चित नसल्यास 'अनिर्णित' असे चिन्ह देण्याची मुभा असावी. प्रत्येक नोंदीला प्रकार दिलाच पाहिजे अशी सक्ती केल्यास कर्मचारी यादीतील पहिला प्रकार निवडून मोकळे होतात, हा कोणत्याही कार्यालयातील अनुभव आहे.

नियम, क्रम आणि प्रतीक्षा

दस्तऐवजाची स्थिती काळानुसार बदलते आणि त्या बदलाचे नियम हाही गरजांचाच भाग आहे. हक्क प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याची वर्दी द्यावी असे अधिनियमाचे कलम १४९ सांगते. कलम १५० नुसार फेरफाराची नोंद होते, चावडीवर प्रत लावली जाते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात आणि त्यानंतर सक्षम अधिकारी नोंद प्रमाणित करतो किंवा नामंजूर करतो. या मधल्या काळात सातबाऱ्यावर जुनेच नाव असते. त्याच दिवशी कोणी उतारा काढून ती जमीन दुसऱ्याला विकू पाहिल्यास उतारा निर्दोष, नियम पाळलेला, आणि तरीही खरेदीदार फसलेला, अशी स्थिती येते.

कागदी नमुन्यात प्रलंबित फेरफारासाठी जागा नव्हती, कारण जमीन घेणारा तलाठ्याकडेच जात असे आणि तलाठ्याला फेरफार नोंदवही ठाऊक असे. माहिती कागदावर नव्हती, माणसात होती. उतारा कोठूनही, कोणालाही मिळू लागला तेव्हा तो माणूस मधून बाजूला झाला आणि त्याच्यासोबत ती माहितीही गेली. २०२० साली सातबाऱ्याच्या नमुन्यात बदल करण्यात आले त्यांत प्रलंबित फेरफार आणि शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक दर्शविण्याची तरतूद झाली, ती या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. गरजनिश्चिती करताना 'कागदावर काय आहे' याइतकाच 'कागद देणारा तोंडी काय सांगतो' हा प्रश्न विचारावा लागतो. अनुभवी तलाठ्याशी केलेल्या दोन तासांच्या संभाषणात नियमपुस्तिकेत नसलेले अपवाद हाती लागतात.

काय वगळावयाचे?

व्याप्तीच्या निवेदनात काय करावयाचे याच्याबरोबर काय करावयाचे नाही हेही असावे लागते. सातबाऱ्याच्या बाबतीत दोन वगळण्या विशेष महत्त्वाच्या आहेत.

पहिली मालकीसंबंधीची. अधिनियमाच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. हे गृहीतक आहे, अंतिम निवाडा नव्हे. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयातच मिटतो. संगणकीकरणाने हे कायदेशीर स्वरूप बदलत नाही. डिजिटल स्वाक्षरीमुळे उताऱ्याची प्रत अस्सल आहे एवढे सिद्ध होते. नोंद बरोबर आहे हे सिद्ध होत नाही. हा भेद गरजपत्रकात न मांडल्यास छापील सुबक कागदाला लोक त्याच्या योग्यतेपेक्षा अधिक मान देतात.

दुसरी वगळणी अधिक अवघड आहे. जुन्या वहीत चूक आढळली तर काय करावयाचे? लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा यांची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळत नाही, सातबाऱ्यावरील क्षेत्र आकारबंदाशी जुळत नाही, एकाच व्यक्तीचे नाव दोन खात्यांत दोन प्रकारे लिहिले आहे. टंकन करताना उघड दिसणारी चूक दुरुस्त करण्याचा मोह होतो. परंतु क्षेत्राचा आकडा बदलणे हा कोणाच्या तरी हक्कातील बदल असतो, आणि तो संबंधितांना न ऐकता करता येत नाही. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी कलम १५५ आहे, आणि तेथेही निर्णय अधिकाऱ्याचा असतो. उलटपक्षी 'जसे आहे तसे' उतरविले तर चूक कायम राहते. यावर उपाय म्हणजे स्थलांतर आणि दुरुस्ती ही दोन कामे व्याप्तीतच पृथक् करणे. नोंद जशी आहे तशी घ्यावी, विसंगती प्रणालीने दाखवावी, आणि दुरुस्ती मात्र आदेशाच्या क्रमांकाशिवाय होऊ नये. महाराष्ट्रात २०१७ साली राबविलेल्या चावडी वाचनाच्या मोहिमेत संगणकीकृत नोंदी गावासमोर वाचून हरकती मागविण्यात आल्या. पडताळणीची ही पद्धत कोणत्याही पाठ्यपुस्तकातील चाचणीपेक्षा कमी दर्जाची नाही, कारण नोंद चुकल्यास ज्याचे नुकसान होणार तोच येथे परीक्षक असतो. अर्थात जो गावात नाही, किंवा जिला चावडीवर येण्याची सवय नाही, तिची हरकत या वाचनातूनही सुटू शकते.

गरज कशी लिहावी?

'प्रणाली अचूक असावी', 'वापरण्यास सुलभ असावी', 'माहिती परिपूर्ण असावी' अशी वाक्ये निविदांमधून विपुल आढळतात. ती कोणी नाकारत नाही आणि तपासूही शकत नाही. गरजेचे विधान असे हवे की ते पाळले गेले किंवा नाही हे तिऱ्हाईत माणसाला एक भरलेला उतारा समोर ठेवून सांगता यावे. 'अचूक असावी' याऐवजी 'गटातील लागवडीयोग्य क्षेत्र व पोटखराबा यांची बेरीज एकूण क्षेत्राइतकी नसल्यास नोंद प्रमाणनासाठी पुढे जाऊ नये' असे लिहिले की प्रश्न मिटतो. त्यासोबत नियमाचा आधार, तो कोणी सांगितला, आणि अपवाद कोणता, हेही नोंदवावे. आधार यासाठी की कायदा बदलतो. २००५ ची उत्तराधिकारातील दुरुस्ती किंवा २०२० चा नवा नमुना आला तेव्हा कोणती विधाने बदलावी लागतील हे आधाराची नोंद असेल तरच शोधता येते.

मांडणीविषयक गरजा, म्हणजे कोणता रकाना कोठे, अक्षर केवढे, बोधचिन्ह कोठे, या शेवटी याव्यात. व्यवहारात त्यांच्यावरच सर्वाधिक वेळ खर्च होतो, कारण त्या सर्वांना दिसतात आणि त्यांवर मत देण्यास विशेष ज्ञान लागत नाही.

महाविद्यालयीन दस्तऐवज

या विवेचनाचा महाविद्यालयांशी संबंध दूरचा नाही. ग्लुश्को व मॅकग्रा यांनी आपल्या ग्रंथात चर्चिलेल्या उदाहरणांपैकी एक कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले परिसरातील कार्यक्रम-दिनदर्शिकेचे आहे. एकाच विद्यापीठातील विविध विभाग 'कार्यक्रम' या एका शब्दाखाली वेगवेगळी माहिती नोंदवीत होते आणि म्हणून ती एकमेकांना देता येत नव्हती. आपल्याकडील प्रवेश अर्ज, गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला आणि मूल्यांकनासाठी दरवर्षी भरावयाची प्रपत्रे यांची स्थिती फारशी वेगळी नाही. विद्यार्थ्याचे नाव दाखल्यावर एका क्रमाने, गुणपत्रकावर दुसऱ्या क्रमाने आणि आधारपत्रावर तिसऱ्या क्रमाने येते. 'अनुपस्थित', 'शून्य गुण' आणि 'निकाल राखून ठेवला' या तीन स्थितींसाठी कार्यालयीन तक्त्यात कधीकधी एकच रिकामी चौकट असते.

गुणपत्रकाचे संगणकीकरण हाती घेणाऱ्या समितीला सातबाऱ्यातील प्रलंबित फेरफाराचा प्रश्न वेगळ्या वेषात भेटेल. विद्यार्थ्याने पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज केला आहे, निकाल यावयाचा आहे, आणि दरम्यान पुढील प्रवेशासाठी दुसऱ्या विद्यापीठाने गुणपत्रक मागविले आहे. त्या दिवशी दिल्या जाणाऱ्या प्रतीवर जुने गुण असावेत की नाही, असल्यास अर्ज प्रलंबित असल्याचा उल्लेख असावा की नाही, आणि गुण बदलल्यावर आधी दिलेल्या प्रतीचे काय करावयाचे, याची उत्तरे परीक्षा विभागातील ज्येष्ठ कर्मचाऱ्याला पाठ असतात. समितीच्या पहिल्या बैठकीला मात्र बहुधा प्राचार्य, संगणकशास्त्राचे प्राध्यापक आणि प्रणाली विकणाऱ्या संस्थेचा प्रतिनिधी उपस्थित असतात. तो कर्मचारी बाहेरच्या खोलीत अर्ज स्वीकारत बसलेला असतो.